एका ओळीची आज्ञा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२०२५ साली बकरी ईद ७ जूनला आली, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना आमचं गाव लागतं, आंजी मोठी. तिथं माझ्या थोरल्या भावाची शेती आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं छपरीत बसलो होतो. भाईजानच्या पुढ्यात सरकीची पाकिटं होती आणि टोबावं की थांबावं, याचा घोळ चालला होता. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्यात नोकरीला आहे. तो ईदला घरी आला होता, पण त्याची ड्यूटीही त्याच्याबरोबरच आली होती. मांडीवर लॅपटॉप, मोबाईलवरून घेतलेलं इंटरनेट, आणि पडद्यावर ना चित्र ना रंग. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांच्या नुसत्या ओळी.

"काय लिहून राह्यला रे?" भाईजाननी विचारलं.

"एक मशीन बिमार आहे अब्बा. तिच्यावरचं काम दुसऱ्या मशीनवर हलवून राह्यलो."

"कुठं आहे मशीन?"

"मुंबईकडं कुठंतरी. मी नाही पाह्यली कधी."

आमच्या घरातली बोली म्हणजे दख्खनी हिंदी आणि वऱ्हाडीची सरमिसळ. इथं ती थोडी मराठीकडे झुकवून सांगतो आहे. पण त्या उत्तरानं मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. न पाहिलेल्या यंत्राला दूरवरून नुसत्या शब्दांनी हलवायचं, हा प्रकार काय आहे ते मला समजून घ्यायचं होतं. संगणकाचं मला काही कळत नाही, पण शब्दांशी माझं रोजचं भांडण आहे. त्या सकाळी आणि नंतर फोनवर पुतण्याला छळून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

डेटा सायन्स हा शब्द आता तुमच्या कानावरून गेला असेल. ढीगभर माहिती गोळा करायची आणि तिच्यातून पुढचा अंदाज काढायचा, असा तो व्यवसाय. हे काम एका संगणकाच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून शेकडो संगणक तारांनी जोडून त्यांचं एक बिऱ्हाड करतात, त्याला क्लस्टर म्हणतात. बिऱ्हाडातला एकेक संगणक म्हणजे नोड. अंदाज काढणारी शहाणी मंडळी वेगळी असतात. ती येतात, आपलं काम टाकतात, उत्तर घेऊन जातात. कोणाचं काम कोणत्या नोडवर चालवायचं, कोणता नोड आजारी आहे, रांगेत कोण खोळंबलं आहे, हे पाहणारा कोणीतरी मागं लागतो. आमचा पुतण्या तो. बाजार समितीत हमाल, अडते आणि काटेवाला यांच्यामध्ये जो माणूस दिवसभर पळत असतो, त्याच्यासारखा.

आणि हे सगळं तो ओळी टाईप करून करतो. माउसनं चित्रावर टिचकी मारणं आपल्याला सोपं वाटतं. पण टिचकी एका वेळी एकाच ठिकाणी बसते, ओळ मात्र तीनशे यंत्रांना एकदम सांगता येते. ओळ लिहून ठेवता येते, उद्या पुन्हा तीच वापरता येते, एंटर दाबण्याआधी सोबत्याला दाखवून 'बरोबर आहे ना?' असं विचारता येतं. शिवाय आंजीत मोबाईलची एकच दांडी दिसत असली तरी अक्षरं पोचतात. चित्रं अडकून बसतात.

या ओळींची जी रीत आज जगभर चालते, तिचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आहे. १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिथं युनिक्स नावाची संगणक-प्रणाली उभी करायला घेतली. तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन म्हणजे टेलिटाईप, कागदावर खडखड छापणारं यंत्र. त्याचा वेग सेकंदाला दहाएक अक्षरं. कळाही जड. मग जास्त अक्षरं कोण बडवणार? कॉपी करायचं तर दोनच अक्षरं, 'सीपी'. हलवायचं तर 'एमव्ही'. आणि पुसून टाकायचं तर 'आरएम'. आमच्या पिढीला हा हिशोब सांगायला नको. तार करताना आपण असेच शब्द मोजत होतो. त्या तारा २०१३च्या जुलैत बंद झाल्या, युनिक्सची दोन अक्षरं मात्र अजून चालू आहेत. थॉम्पसनना पुढं कोणीतरी विचारलं, की युनिक्स पुन्हा नव्यानं करायचं झालं तर काय बदलाल? ते म्हणाले, 'क्रिएट' या आज्ञेच्या शेवटी मी 'ई' घालीन. त्यांनी ते अक्षर मुळात गाळलं होतं, आणि ते तसंच गाळलेलं राहिलं. एखादी मात्रा चुकीची छापून आल्यावर कवीची जी अवस्था होते, ती मी जाणतो. मला हा माणूस एकदम घरचा वाटला.

आपल्याकडे आज्ञार्थाला किती पदर आहेत पाहा. ये, या, यावं, येशील का, येता का जरा. सांगणाऱ्याचं वय, ऐकणाऱ्याचा मान, कामाची निकड, सगळं त्या एका क्रियापदाच्या टोकाला लोंबकळत असतं. यंत्राला यातलं काही लागत नाही. त्याला बोडका शब्द हवा. आणि काम झाल्यावर ते 'झालं' म्हणूनही सांगत नाही. सगळं ठीक असेल तर गप्प, बिघडलं तरच बोलायचं, अशी युनिक्सची रीत आहे. (आमचे भाईजानही याच पंथातले.)

पण यात खरी भीती आहे ती वेगळीच. माणसाला आपण चुकीचं सांगितलं तर तो थबकतो. 'खरंच का?' म्हणून तोंडाकडे पाहतो. सालदाराला घाईत सांगितलं, की बांधावरचं झाड तोड, तर तो विचारतो कोणतं, आंब्याचं की बाभळीचं? यंत्र विचारत नाही. आपल्या मनात काय होतं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, ओळीत काय आहे तेवढंच ते पाहतं.

२८ फेब्रुवारी २०१७ची गोष्ट. ॲमेझॉन ही कंपनी इतर कंपन्यांची माहिती आपल्या यंत्रांवर भाड्यानं ठेवते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागात तिच्या अशा एका यंत्रसमूहात हिशोबाचं काम संथ चाललं होतं. कारण शोधायचं म्हणून एका कर्मचाऱ्यानं थोडीशी यंत्रं बाजूला काढायची आज्ञा दिली. माणूस अधिकारातला, आज्ञा ठरलेल्या पोथीतली. फक्त ओळीतला एक तपशील चुकीचा टाईप झाला. थोडीशी यंत्रं निघायची ती पुष्कळ निघाली, आणि कोणती वस्तू कुठं ठेवली आहे याची नोंद ठेवणारी यंत्रणाच बसली. ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची वेळ कैक वर्षांत आली नव्हती, त्यामुळे उठायलाही तिनं वेळ घेतला. सुमारे चार तास इंटरनेटवरचा मोठा भाग लंगडत होता. आणि गंमत अशी, की 'आमची सेवा बंद आहे' हे सांगणारा कंपनीचा फलकही त्याच यंत्रणेवर टांगलेला होता. तोही हलेना.

दुसरी गोष्ट जपानच्या क्योतो विद्यापीठाची, डिसेंबर २०२१मधली. तिथल्या महासंगणकावर जुन्या नोंदी पुसण्यासाठी आज्ञांची एक यादी आपोआप चालत असे. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीनं त्या यादीत सुधारणा केली, पण यादी चालू असतानाच जुनीवर नवी ठेवली. यंत्र यादी वरून खाली वाचत चाललं होतं, ते मध्येच नव्या यादीत शिरलं. 'अमुक जागेतलं जुनं पुसा' असं वाक्य, आणि त्यातल्या 'अमुक'च्या जागी काहीच नाही. मोकळी जागा. यंत्रानं त्या मोकळ्या जागेचा आपल्या परीनं अर्थ लावला आणि नोंदींच्या ऐवजी संशोधकांची माहितीच पुसत गेलं. दोन दिवसांत ७७ टेराबाईट, सुमारे तीन कोटी चाळीस लाख फायली. चौदा संशोधक-गटांना झळ पोचली. त्यातल्या चार गटांची माहिती परत मिळण्यासारखी नव्हती. कंपनीनं चूक पूर्णपणे आपली असल्याचं मान्य केलं. ते ठीकच. पण वर्षावर्षांचं काम त्यानं परत येत नाही.

ही दुसरी गोष्ट मी भाईजानना सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "परत घ्यायचं बटण नसते का?"

"नसते अब्बा," पुतण्या म्हणाला.

आता तो त्या सकाळी काय करत होता ते सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी तो या कामात नवा होता तेव्हाचं मला माहीत आहे. भराभर बोटं चालायची. आता तसं नाही. आधी त्यानं एक ओळ टाईप केली, ती फक्त 'मी आत्ता कुठल्या क्लस्टरमध्ये उभा आहे' हे विचारणारी. कारण सरावाचं एक आणि खऱ्या कामाचं एक, अशी त्याच्याकडे दोन बिऱ्हाडं आहेत. पडद्यावर दोन्ही सारखीच काळी. घात होतो तो इथंच. ओळ बरोबर असते, गाव चुकतं. आमच्या गावाच्या नावापुढं कंसात 'मोठी' लावतात ते उगीच नव्हे. आंजी नावाची गावं आणखीही आहेत. कंस गाळला तर सातबाराचा कागद भलतीकडे जाईल.

मग त्यानं आजारी नोडला 'कॉर्डन' केलं. म्हणजे याच्यावर नवं काम टाकू नका, अशी दोरी बांधली. त्यानंतर 'ड्रेन', म्हणजे चालू असलेलं काम तिथून निथळवून दुसरीकडे न्यायचं. ती ओळ टाईप झाली, पण एंटर दाबलं नाही. शेवटी 'ड्राय रन' असे दोन शब्द जोडले. याचा अर्थ, खरं काही करू नकोस, केलं असतंस तर काय झालं असतं तेवढं दाखव.   मग हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले, सगळी ओळ ओठ हलवत पुन्हा वाचली. नमाजाआधी नीयत करताना माणूस क्षणभर थांबतो ना, तसा. आणि एंटर.

तर यंत्रानं नकार दिला!

मला फार आनंद झाला. त्या नोडवरच्या एका कामाची काही माहिती तिथंच साठलेली होती, नोड रिकामा केला की ती गेली असती. यंत्र म्हणालं, घालवायची असेल तर तसं स्पष्ट लिहून दे. पुतण्यानं ज्याचं काम होतं त्याला फोन केला, त्यानं सांगितलं की ती टाकाऊ आहे, मग 'ड्राय रन' काढून तेवढे शब्द ओळीत घातले आणि काम पुढं गेलं. कुबरनेटिस नावाचं जे साधन तो वापरतो, त्यात आणखी एक सोय आहे. अमुक कामाच्या निदान इतक्या प्रती चालू राहिल्याच पाहिजेत, असं आधी लिहून ठेवलं तर 'ड्रेन' त्याच्या खाली जाऊ देत नाही. ॲमेझॉननंही २०१७च्या त्या फजितीनंतर आपल्या साधनात नेमका हाच बदल केला. यंत्रं हळूहळू काढायची, आणि किमान गरजेच्या खाली जात असेल तर आज्ञा अडवायची.

वेगाचं कौतुक खूप होतं. मला विचाराल तर साधन चांगलं की वाईट, हे ते कुठं अडतं यावरून ठरवावं. याच कुबरनेटिसमध्ये 'डिलीट' म्हटलं की ते न विचारता पुसतं. आधी विचारून घेण्याची सोय २०२३पासून त्यात आली, पण तीही आपणच मागावी लागते. घाईत असलेला माणूस ती मागेल का? हे मला पटलेलं नाही, आणि पुतण्यालाही.

या साधनातले शब्द ऐकताना मी अनेकदा थांबलो. कुबरनेटिस हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. गूगलनं २०१४ साली हे साधन सगळ्यांना खुलं केलं. त्यात कामाच्या सर्वांत लहान गठ्ठ्याला 'पॉड' म्हणतात. पॉड म्हणजे शेंग. एका टरफलात दोन-तीन दाणे, जगले तर बरोबर, गेले तर बरोबर. भाईजानना हे लगेच कळलं. त्यांच्या तुरीला वर्षानुवर्षं पॉडच लागतात.

पण एक शब्द रुतला. एखाद्या नोडवर सर्वसाधारण कामं येऊ द्यायची नसतील तर त्याला 'टेंट' लावतात. टेंट म्हणजे डाग, बट्टा. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर विटाळ. तो लावला की बाकीची कामं त्याच्यापासून लांब राहतात. आणि ज्या कामाला तिथं चालू द्यायचं असेल, त्याला 'टॉलरेशन' देतात. सहिष्णुता! इतकं मोठं माप दोन शब्दांत इतक्या थंडपणानं मांडलेलं मी कुठं पाहिलं नव्हतं. मी पुतण्याला म्हटलं, "बेटा, सहिष्णुता अशी एका ओळीत देता येते का रे?" तो म्हणाला, "चाचा, येते, पण त्याचा अर्थ फक्त हरकत नाही एवढाच. काम तिथं जाईलच असं नाही. त्यासाठी दुसरा शब्द आहे, ॲफिनिटी." म्हणजे ओढ. सहन करणं वेगळं आणि ओढ असणं वेगळं, हे यंत्र बनवणाऱ्यांना मांडावं लागलं आहे. मी त्यावर काही लिहिलं नाही अजून. लिहीन की नाही, सांगता येत नाही. त्यांच्यातही शब्दांवरून वाद होतात बरं का. मुख्य नोडला आधी 'मास्टर' म्हणत. मालक-गुलाम या जोडीतला तो शब्द नको, म्हणून २०२० साली तो सोडायचं ठरलं आणि 'कंट्रोल प्लेन' हे नाव आलं. नाव बेचव आहे, पण सोडलं ते बरं केलं.

दुपारी जेवणं झाल्यावर भाईजाननी मूळ मुद्द्याला हात घातला. "तुह्या मशीनले विचार, पाऊस कधी येते."

"माझी मशीन ते नाही सांगत अब्बा. त्याची मशीन वेगळी, पुण्यात आहे."

आणि ती आहे. अशा जोडयंत्रांची विद्या महाराष्ट्रात नवी नाही. अमेरिकेनं आपल्याला महासंगणक द्यायला नकार दिला तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि १९९१ साली तिनं पुष्कळ छोटी यंत्रं जोडून 'परम ८०००' उभा केला. त्यामागचे डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भाचेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आज पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'अर्का' नावाचा महासंगणक आहे. २६ सप्टेंबर २०२४ला तो देशाला अर्पण झाला. ताकद ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून जास्त आकडेमोडी. माझ्या डोक्यात हा आकडा मावत नाही, पण सांगायला हवा. याच संस्थेनं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही अंदाज काढण्याची पद्धत तयार केली. ती २६ मे २०२५ला सुरू झाली. पूर्वी अंदाजासाठी देशाचे बारा-बारा किलोमीटरचे चौकोन पाडत, आता सहा-सहाचे. म्हणजे वर्ध्याचा आणि आंजीचा चौकोन वेगळा पडू शकतो. आणि जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर २०१७पासून युनिक्सच्याच वळणाची लिनक्स ही प्रणाली चालते. तेव्हा पावसाचा हिशोबही कोणीतरी काळ्या पडद्यावर ओळ लिहूनच रांगेत लावत असणार.

त्या वर्षी पावसानं फसवलं होतं. मोसमी पाऊस २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. इतक्या लवकर! मे महिन्यातच जमीन ओली झालेली पाहून कित्येकांचे हात शिवशिवत होते. आणि मग पाऊस पुढं सरकेचना. कृषी खातं सांगत होतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण धूळपेर ही आमच्याकडची जुनी खोड. कोरड्या मातीत सरकी टाकायची आणि आभाळाकडे पाहत बसायचं. साधली तर पीक पंधरा दिवस पुढं, नाही साधली तर दुबार. आमच्या अब्बांच्या हयातीत एका साली दुबार पेरणी झाली होती. दुसऱ्या बियाण्यासाठी आमच्या अम्मीचे कानातले गेले. ते परत आले नाहीत. घरात त्यावर कोणी बोलत नाही, पण भाईजान पाकीट हातात घेऊन बसले होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं काय असेल ते मला ठाऊक होतं. ९०१ रुपयांचं एक पाकीट, आणि एकरी दोन.

'ड्राय रन' आणि धूळपेर, दोन्हींत कोरडेपण आहे. पुतण्याच्या कोरड्या सरावात काही जात नाही, बापाच्या कोरड्या पेरणीत सगळं पणाला लागतं. मी हे बोललो नाही. पोरगं तेच बोललं, वेगळ्या शब्दांत. मोबाईलवर त्यानं हवामान खात्याचा अंदाज काढला, २०१९पासून शेतकऱ्यांसाठी असलेल्या 'मेघदूत' ॲपवरचा. (रामटेक आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हे नाव आम्हाला हक्काचं वाटतं.) म्हणाला, "अब्बा, इतक्यात काही दिसत नाही. तुम्ही ओळ लिहून ठेवा, एंटर नका दाबू."

भाईजाननी त्याच्याकडे पाहिलं. मग उठून पाकिटं कोठीत ठेवली. अंगणात एक सरळ उभ्या काठाचा डबा उघड्यावर ठेवून दिला. ७५ मिलिमीटर म्हणजे चार बोटं, असा त्यांचा हिशोब. पुतण्या दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

जूनच्या मध्यानंतर पाऊस पुढं सरकला. एका सरीत काही झालं नाही, डबा हळूहळू भरत गेला. चार बोटं झाली त्या संध्याकाळी मी आंजीतच होतो. पुतण्याचा फोन आला, अब्बांना विचारत होता की काय ठरलं. भाईजान कोठीतून पाकिटं काढून मोजत होते. त्यांनी मान वर न करता मला सांगितलं, "त्याले सांग, टोबणीच्या बायांले सकाळी सातला बोलावलं आहे."